पाटावर आता कोण जाणार?

मंडळी, बसा. मागच्या माय-बहिणींनो, पुढे सरका, माझा आवाज आज पोचायचा नाही. चार सभांत बोललोय मी, पण पुंडलिक तात्यांच्या शोकसभेत बोलणं अवघड जातंय.

तात्या आपले पाटकरी. बंधाऱ्यापासून शिवारापर्यंत पाटाचं पाणी फिरवायचं काम त्यांचं. जन्मभर त्यांनी टोकाच्या शेताला आधी पाणी दिलं आणि स्वतःच्याला शेवटी. कुणी तक्रार केली? मला तरी आठवत नाही.

नव्या पोरांना सांगतो. आपल्या शिवाराचे चार फड, म्हणजे चार भाग. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरसाल एक फड पडू द्यायचा, त्यात काही पेरायचं नाही, म्हणजे पाणी पुरतं. हे मोडलं कुणी?

मी मोडलं. उघड बोलतो.

नव्वदनंतर द्राक्षं परदेशी जायला लागली. माझ्या डोक्यात तेच शिरलं आणि पडायच्या फडातच मी बाग लावली. बागेला बारमाही पाणी, ती कशी पडू देणार? तात्या फावडं घेऊन दारात आले. मी त्यांना द्राक्षाच्या मण्याची जाडी मोजायची रिंग दाखवली. म्हटलं, तात्या, साहेब लोक एवढं माप बघतात! त्यांनी ती करंगळीत घातली, ती अडकली. साबण लावून काढावी लागली, सगळे हसलो. मग म्हणाले, "हाई द्राक्षनं माप शे. पानी कोन मोजी?"

मी रिंग खिशात टाकली आणि बागेकडे वळलो. दुसऱ्या वर्षी तुम्हीही बागा लावल्या. मग बोअर. एकाची आटली की दुसऱ्याची खोल.

आणि माणसं बघा. आपली पोरं नाशकात कंपन्यांत. त्यांच्या जागी विरळणीला, घडातले जास्तीचे मणी काढायला, पेठ तालुक्यातली माणसं येतात, त्यांची भाताची खाचरं तिकडे ओस. द्राक्षं समुद्रापार. आणि आपण सगळे, ते आणि आपण, एकाच विहिरीवर पाणी भरतो. परवा मी वाकून पाहिलं. अजून माघ चाललाय हो, आणि तळ दिसतोय! चैत्रात काय करायचं? भीती वाटते मला, खरंच वाटते.

तात्या अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. माझा हात धरून म्हणाले, "आप्पा, आवंदा फड पडू दे रे भो. जमीन बी दम खाई." माझ्या द्राक्षांचा सौदा आधीच ठरलेला होता. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू, तात्या. ते मान हलवून भिंतीकडे वळले.

त्या माणसाला मी 'हो' म्हणू शकलो असतो. खोटं का होईना.

आता त्यांचं फावडं त्यांच्या घरी तसंच उभं आहे. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी लागतं, पाट कुठे फुटतो, हे त्यांनाच ठाऊक होतं. लिहून कुणी घेतलं नाही. म्हणून श्रद्धांजलीआधी एकच विचारतो. उद्यापासून पाटावर कोण जाणार? यंदा आपली बाग कोण सोडणार? हात वर करा.

थांबतो मी.

कुणीच नाही?

माझाही हात वर होत नाहीये, मंडळी. बघा, खालीच आहे.

मग उठा. तात्यांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. ही शांतता तर केव्हाच सुरू झाली आहे.