पाहुण्याचं पानी

...नाई, मले एक सांगा, घरी आलेल्या पाहुण्याले काय पाजावं, हे आता पोट्टे ठरवतीन काय? अकरावीतले, मिसरूड न फुटलेले पोट्टे! आन त्यायची म्होरकी कोन? माहीच नात, प्रणाली! बाहेरचं कोनी असतं तं दोन शब्द सुनावले असते, घरच्या पोरीले काय म्हनता? हसू नका बाप्पा, ज्याच्या घरात होते त्यालेच समजते!

आता आमचं गाव बाळापूर तालुक्यातलं, खारपानपट्ट्यात. म्हंजे जमीन काळी, कापूस झकास, पन खालचं पानी निरा खारं. बोअर मारा, खारं! विहीर खना, खारं! साबनाले फेस येत नाई, डाळ शिजत नाई, च्या ठेवला तं तोही खारा... पन आमी पेतो, आमचा बाप पेत होता, त्याचा बाप पेत होता. पन पाहुण्याले? राम राम राम! पाहुण्याले खारं पानी देईन तो मानूस काय? म्हनून घराघरात एक क्यान राह्यते, तालुक्यातून आनलेल्या गोड पान्याची, फडकं बांधून कोपऱ्यात ठेवलेली. ते पाहुण्याचं पानी. घरच्यानं हात लावाचा नाई. आन माह्या घरची क्यान तं कधी रिकामी नसते, काहून की गावात कोनताही साहेब येवो, च्याले महादेवरावाच्याच ओसरीवर! "वा महादेवराव, काय चहा आहे!" म्हनते, रुमालानं तोंड पुसते, गाडीत बसून जाते. सांगा, यात वाईट काय हाये?

तं प्रणाली म्हने, "आबा, हेच तं वाईट हाये."

मी म्हनलं, काय वं?

म्हने, "आपल्याले पाइपलाइन काहून भेटत नाई? इतके साहेब येऊन गेले, कोनाच्या जिभेले या गावचं पानी लागलं काय? तुमी लागूच देल्लं नाई, आबा! साहेब इथून गोड तोंड घेऊन जाते, आन त्यायले वाटते, इथं पान्याची तक्रारच नाई."

आता यावर मानसानं काय बोलावं? मी बोललो, मोठ्यायनं बोलावं म्हनून बोललो, पन तवरोक पोट्टी उठूनही गेली होती.

आन मंग सुरू झालं ना! शाळा सुटली का हे पोट्टे सायकलीवर घरोघरी. विपुल, खुशी, सारी टोळी. एकच सांगनं, "काकू, पाहुण्याले आपलंच पानी द्याचं." अरे, मोर्चा काढा, उपोषन करा, सतरंजी मी देतो, मंडप देतो, लिंबूपानी पाजाले आमदार आनतो... पन हे काय आंदोलन हाये, पाहुण्याचं तोंड खारं कराचं? गावाचं नाक कापता काय? आन बाया पन अशा, ऐकलं त्यायनं! नत्थुजीचा नवा जावई आला, त्याच्या हाती तांब्या देल्ला. त्यानं घेतला मोठा घोट, आन बसला तसाच गाल फुगवून! गिळता येत नाई, थुकता येत नाई, सासरा सामनं बसलेला, थुकन कसा? नत्थुजी इचारते, "प्रवास बरा झाला ना?" जावई निरा मान हालवते! आता तुमीच सांगा, पाहुण्याले काय पाजावं, हे पोट्टे ठरवतीन काय?

पन एक गोष्ट... आता निघालीच हाये तं सांगतो. माह्या बायकोले, मैनाबाईले, मुतखड्याचा तरास हाये. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं, आजी, खारं पानी बंद करा. मी म्हनलं, घेत जाय ना क्यानीतलं, तं म्हने, "ते पाहुण्याचं हाये, ऐन वक्ती कमी पडलं तं?" कळ उठली का भिताडाले टेकून बसते, घामानं ओलीचिंब होते, दात खाते, पन त्या क्यानीले हात लावत नाई! माहा जीव तुटते हो, खोटं नाई सांगत. तं एक दिवस प्रणाली तिचे पाय दाबता दाबता मले म्हने, "आबा, गोड पानी भेटाले आजीनं कोनाच्या घरची पाहुनी व्हावं?"

मी उठलो आन वावरात गेलो. काम काहीच नोतं.

तं असं चालू असताना पानीपुरवठ्याचे साहेब आले. च्या कुठं? माह्या ओसरीवर! अंगनात सारे पोट्टे रांगेत बसलेले, मांजर दुधाकडे पाहते तसे साहेबाकडे पाहून राहिले. मी हुशार! क्यान सकाळीच पोट्ट्यायपासून कोठीत लपवली, मैनाबाईले डोळ्यानं खूण केली, च्या त्यातलाच ठेव. तिनं मान हालवली. म्हनलं, चाळीस वर्साचा संसार हाये, बायको आपल्या पार्टीत हाये.

च्या आला. साहेबानं घोट घेतला. साहेब थांबले. साहेब हासले. "छान आहे हो चहा!" मी घोट घेतला... बाप्पा बाप्पा! खारा! बायकोच फुटली ना!

आन दाराआडून मैनाबाई म्हनते कशी, "साहेब, अजून अर्धा कप घ्या ना. आमी रोजच घेतो."

साहेबानं कप खाली ठेवला. हळूच इचारलं, "तुम्ही हेच पाणी पिता?"

ती म्हने, "हो."

"मग इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही?"

आता सारे पोट्टे साहेबाले सोडून माह्याकडे पाहाले लागले. पाहुण्याले काय पाजावं हे पोट्ट्यायनं नाई, माह्या बायकोनं ठरवलं होतं. मी बोलन कोनाले?

तुमाले वाटन, झालं, पाइपलाइन आली. कायची येते! साहेब परत आले, पन आपली पान्याची बाटली घेऊन आले! मानूस सज्जन हाये, बाटली जरा लाजतच काढली. म्हने, "फाइल वर पाठवली आहे. पण वरचे साहेब म्हणतात, या गावाची तर कधी तक्रार नव्हती."

बस! पोट्ट्यायनं तिथंच ठरवलं. वरच्या साहेबायले गावात जेवाले बोलवाचं. आन आवतन द्याले अकोल्याले कोनं जाचं? "आबानं! आबासारखा आग्रह कोनाले जमते?" म्हने. चार दिवस झाले, धुतलेलं धोतर नेसून साहेबाच्या कॅबिनबाहेर बसून राहिलो, आज मीटिंग हाये, उद्या दौरा हाये...

आन खरं सांगू काय? आता मलेच घाई झाली हाये. जिंदगीभर पाहुण्याचं तोंड गोड कराले धडपडलो, आन आता रोज देवाले हात जोडून म्हनतो, देवा, साहेबाले एक डाव जेवाले येऊ दे, आन पहिल्याच घोटाले त्याचं तोंड असं वाकडं होऊ दे, असं वाकडं होऊ दे... का माही मैनाबाई बरी झाली पायजे!