रेवतीच्या काचेवरचं स्वस्तिक

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. आणि पुढं बसलेली पोरं अजून पुढं सरका — या, या, अगदी माझ्या पायाशी! कारण आजचा प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे. मोठ्यांना नाही! मोठी माणसं उत्तर द्यायच्या आधी शेजाऱ्याचं तोंड बघतात.

प्रश्न असा. देवाच्या नावानं जे आपण हातानं लावलं, ते आपल्याच हातानं पुसलं, तर देव रागावतो का?

कोण म्हणालं 'रागावतो'? तू? बरं. आणि 'नाही' कोण म्हणालं? तू पण बरोबर असशील, ती पण बरोबर असेल. भांडू नका! गोष्ट ऐका, मग ठरवू.

तर तापीच्या या काठाला, आपल्यासारख्याच केळीच्या मुलखात, भास्कर फेगडे नावाचा गृहस्थ. बायको योगिता. वडील त्र्यंबकआबा — रोज पहाटे अंघोळ, पूजा, मगच चहा. आणि या घरात एक लेक. रेवती. चौथीतली. हुशार, बोलकी, खट्याळ — पण एक दुखणं घेऊन आलेली. तिला ऊन चालत नव्हतं!

चालत नव्हतं म्हणजे, तुमच्यासारखं नाही हो, 'आई गं, किती ऊन' म्हणून सरबत प्यायचं! तिच्या अंगावर ऊन पडलं की कातडी लाल व्हायची, फोड यायचे, रात्रभर पोर तळमळायची. आणि बापाचं नाव काय? भास्कर! पोरीला सूर्य चालत नाही आणि बापाचं नाव सूर्याचं. देवालासुद्धा थट्टा सुचते ती अशी!

मग ही पोर जगायची कशी? दिवसा घरात, पडदे ओढून. शाळेची मैत्रीण वही आणून देणार. दवाखान्यात जायचं तर गोधडीत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी! ती एकदा आईला म्हणाली, "आई, मला माणसासारखी ने ना गं. मी काय गव्हाचं पोतं आहे?"

हसलात? मीही हसलो होतो ऐकून. मग ती गोधडी डोळ्यांपुढं आली.

आता योगिताचं माहेर तापीच्या पलीकडे. तिथं रामाचं देऊळ, आणि त्या देवळाची एक जुनी रीत. रामनवमीला भर बारा वाजता जन्म झाला, पाळणा सजला, की पहिला झोका कुणी द्यायचा? पुजाऱ्यानं? नाही! सरपंचानं? मुळीच नाही! गावच्या लेकीच्या लेकीनं. नात आजोळी येणार, आणि तिच्या हातानं रामाचा पाळणा हलणार. योगिताच्या माहेरच्या घराण्याची पाळी आली, की दर खेपेला निरोप जायचा — "आमच्या पोरीला जमणार नाही. दुसरीला द्या."

का? अहो, चैत्र महिना, खानदेश, दुपारचे बारा! राम सूर्यवंशातला, जन्म सूर्य डोक्यावर आल्यावर. आणि ही पोर सूर्याची वैरीण. सांगा, जाणार कशी?

पण त्या वर्षी जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, काचेला लावायची फिकट फिल्म मिळते. अंगाला बाधणारे किरण अडवते, उजेड अडवत नाही. पुढच्या काचेत मुळातच तसा थर असतो. बाजूच्या आणि मागच्या काचांना ती लावा, पोरीला पूर्ण बाह्या, टोपी, हातमोजे घाला, आणि गाडीत बसवून न्या की!"

भास्कर दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, फिकट कशाला? काळीकुट्ट लावून देतो. बाहेरच्याला आतलं काही दिसणार नाही!"

भास्कर म्हणाला, "अरे बाबा, एक तर ते नियमात बसत नाही. आणि बाहेरच्याचं सोड, माझ्या पोरीला बाहेरचं दिसायला हवं!"

वा! मृदंगबुवा, एक थाप द्या या वाक्याला!

शेवटी नियमात बसणारा फिकट रोल बाहेरून मागवला. तो आला रामनवमीच्या दोन दिवस आधी. लावणारा कारागीर म्हणाला, सणानंतर या. योगितानं पदर खोचला. "सणानंतर काय करायचंय? आपणच लावू!"

पोरांनो, आता कान द्या. उद्या शाळेत कुणी विचारलं, कीर्तनात काय शिकलात, तर खुशाल सांगा — बुवांनी गाडीला फिल्म लावायला शिकवलं!

आधी अंगणात सडा टाकायचा. का? धूळ बसावी म्हणून. मग काच आतून धुवायची. नुसती पुसायची नाही, धुवायची! बोट फिरवलं की करकर वाजली पाहिजे. फिल्म काचेच्या मापानं कापायची, थोडी मोठी ठेवून. पाण्यात साबणाचे चार थेंब टाकून ते पाणी काचेवर फवारायचं. फिल्मच्या पाठीचा कागद सोलला, की त्या चिकट बाजूवरही तेच पाणी फवारायचं. म्हणजे काय होतं? फिल्म लगेच चिकटत नाही, सरकते. चुकली तर सरकवता येते! मग रबराची पट्टी घेऊन पाणी बाहेर काढायचं — मधून कडेकडे. कडेकडून मध्ये नाही!

आणि यातली खरी गंमत ऐका. फिल्मखाली दोन तऱ्हेचे फुगे राहतात. एक पाण्याचा, एक कचऱ्याचा. दिसायला सारखेच! पण पाण्याचा फुगा आपोआप सुकून जातो. त्याला वेळ द्यायचा, बस्स. कचऱ्याचा फुगा मात्र किती दाबा, किती चोळा, जात नाही. त्याला एकच उपाय. फिल्म उचला, कचरा काढा, पुन्हा लावा!

नवराबायकोनं गोठ्याच्या पत्र्याखाली गाडी घेतली. मागची काच लागली. डावीकडची लागली. पहिलीला थोड्या सुरकुत्या, दुसरी जरा बरी. हात बसत गेला. आणि मग आले रेवतीच्या बाजूच्या काचेशी, उजवीकडं मागे. तिथं काय होतं?

स्वस्तिक!

गाडी घरी आली त्या दिवशी आबांनी तेलात कुंकू कालवून, काचेच्या आतून, बरोबर पोरीच्या डोक्याशेजारी ते काढलं होतं. योगिता ओलं फडकं घेऊन पुढं झाली, आणि आबा कडाडले —

"हात लावायचा नाही!"

"आबा, धुतल्याशिवाय चिकटणार नाही हो."

"वरून लाव! चांगलं आहे की, आत बंद राहील. कायमचं!"

भास्कर म्हणाला, "आबा, तेल आहे त्यात."

"तेलच आहे ना? डांबर तर नाही! आजवर माझ्या रामानं कुणाचं वाईट केलं नाही, तुझ्या त्या कागदाचं काय करणार?"

आता सासऱ्यापुढे सून काय बोलणार? लावली वरून. घातली पट्टी, दाबली, चोळली. स्वस्तिकाभोवती फुगा राहिलाच. आबा म्हणाले, "सुकेल उद्या."

पोरांनो, हा फुगा कुठला? पाण्याचा की कचऱ्याचा?

बघा! तुम्हाला कळतं. आबांना कळलं नाही. पण आबांना हसू नका हं! नीट ऐका, आबा आडमुठे नव्हते. ते घाबरलेले होते.

रामनवमीची सकाळ उजाडली. योगिता गाडीशी गेली, आणि बघते तर काय! रेवतीच्या काचेवरची फिल्म स्वस्तिकापासून सुटून खाली लोंबत होती! कुंकू विरघळून लाल ओघळ सगळ्या फिल्मभर. ती पुन्हा लागण्यासारखी राहिलीच नव्हती. रोलमध्ये तुकडा उरला होता, तो एका काचेपुरता. तो बिघडला की संपलं!

पलीकडच्या गावी पाळणा सजतोय. निरोप गेलेला — यंदा आमची रेवती येणार! आणि इथं खिडकी उघडी पडली.

भास्कर हळूच म्हणाला, "गोधडी घेऊन जाऊ या का? पोचणं महत्त्वाचं."

रेवती दारातून, सावलीतून बोलली, "पप्पा, मी पोत्यासारखी जाऊन रामाला झोका देणार नाही. मला बघत जायचंय."

योगितानं फडकं उचललं. आबा काचेसमोर आडवे उभे राहिले! छातीचा कोट करून!

"सुनबाई, ऐक माझं. हे रेखल्यापासून पोरीला मोठा त्रास झाला नाही. एकदाही नाही! हे पुसलं, आणि आज हिला वाटेत काही झालं तर? मी कुठं तोंड दाखवू?"

आता कळलं? श्रद्धा कमी आणि भीती जास्त. पण भीती तरी कुणासाठी? नातीसाठी! अशा माणसाला रागावून चालत नाही, मंडळी. त्याच्याशी भांडून त्याला जिंकता येत नाही. आणि घड्याळ तर पळतंय.

तेव्हा दारातून ती पोर म्हणाली, "आबा, आज सकाळी रामाची पूजा झाली?"

"झाली की."

"कालचं गंध होतं ना रामाच्या कपाळावर? त्याचं काय केलंत?"

"पुसलं. अंघोळ घातली, नवं लावलं."

"राम रागावला?"

"छे गं!"

"आणि कालच्यावरच आजचं लावलं असतं तर?"

"चिकटत नाही गं पोरी. पापुद्रे सुटतात..."

म्हणाले, आणि स्वतःच थांबले! मागं वळून काचेकडं पाहिलं. सुटलेला पापुद्रा समोर लोंबतोय! जे रोज पहाटे स्वतःच्या हातानं करत आले, जन्मभर करत आले, तेच दारातून नात सांगत होती!

आबा हळूच म्हणाले, "निर्माल्य आहे हे."

आणि मंडळी, पुढं काय झालं म्हणता? त्यांनी सुनेच्या हातातलं फडकं घेतलं. पण लगेच पुसलं नाही. आधी देवघरातून ताम्हण आणलं. लोंबती फिल्म ओढून काढली, काचेला नमस्कार केला, आणि ओलं फडकं फिरवून ते स्वस्तिक ताम्हणात उतरवून घेतलं. कुंकवाचं पाणी कोपऱ्यातल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतलं. मग साबणाचं पाणी फवारलं, काच धुतली, पुन्हा धुतली, आणि बोट फिरवलं. करकर! करकर!

आबा ओरडले, "वाजली गं, वाजली! आण ती फिल्म!"

मग काय विचारता! योगितानं कागद सोलला, भास्करनं फवारा मारला, आणि पट्टी कुणी घेतली? आबांनी! आणि दारात उभी राहून हुकूम कोण सोडतंय?

"आबा, मधून बाहेर! मधून बाहेर! कडेचं राहिलं! जोर नका लावू, फाटेल!"

"अगं हो, हो! तू आजी झालीस की काय माझी?"

पाणी निघालं. फिल्म बसली. अशी बसली, की काचेवर काही लावलंय हे सांगावं लागेल! खाली दोन-चार पाण्याचे बारीक फुगे राहिले. आबा म्हणाले, "हे जातील सुकून. यांना मी ओळखतो आता." आणि फिल्म सुकेपर्यंत काच खाली करायची नाही, अशी सगळ्यांना तंबी दिली — स्वतःला सोडून. गाडी सुटल्यावर काच खाली करायला पहिला हात त्यांचाच गेला!

टोपी, हातमोजे, पूर्ण बाह्या. रेवती गाडीत बसली. आडवी नाही, ताठ बसली! भास्कर आरशातून मागं बघत गाडी चालवतोय, हातावर कुठं लाल होतंय का. नाही! केळीच्या बागा गेल्या, वीटभट्ट्या गेल्या, आणि गाडी तापीच्या पुलावर आली. या पोरीनं नदी पाहिली होती ती अंधारातली. दिवसाची पहिल्यांदाच! नाक काचेला लावून म्हणते कशी, "आई, पाणी एवढं चमकतं? मग तुम्ही सगळे रोज बघत का नाही?"

उत्तर आहे कुणाकडं?

आणि इकडे देवळात जन्माचं कीर्तन कुणाचं होतं माहीत आहे? या म्हाताऱ्याचं! मी उभा, पाळणा सजलेला, सुंठवड्याची ताटं भरलेली, बायकांच्या ओंजळीत गुलाल आणि फुलं. माझं आख्यान संपत आलेलं, आणि डोळा दाराकडे. काटा काही माझ्यासाठी थांबत नाही! पुजारी खुणावतोय — दुसऱ्या पोरीला बोलावू का? मी मानेनं म्हणतोय — थांबा! अजून थांबा!

आणि मांडवाच्या दाराशी गाडी लागली!

आबांनी छत्री उघडली. दहा पावलांचं ऊन होतं, मंडळी, पण छत्रीखाली ती पोर अशी आली की जणू वरातीची नवरी! मांडवात शिरली, टोपी काढली, हातमोजे काढले, आणि बारा वाजले! शंख, घंटा, गुलाल! तिनं पाळण्याची दोरी धरली आणि दिला झोका! असा दिला, की राम पाळण्यातून बाहेर येतो की काय! पुजारी म्हणाला, "अगं हळू, नुकताच जन्मलाय!"

सगळा मांडव हसला. योगिता रडली. आणि आबा? आबा तिच्या हाताकडं बघत होते. मनगट स्वच्छ. फोड नाही, डाग नाही. एकदाही न लावता, एकदाही न पुसता जो तिथं असतो, तो राम सगळ्या वाटेनं बरोबर आला होता!

तर पोरांनो, देव रागावतो का?

नाही! जोरात सांगा! नाही!

झालं. तुमचं उत्तर आलं. आता मागं बसलेल्या मोठ्यांकडे वळतो — सुटलो म्हणून पाय लांब करू नका!

तुमच्या घरी काचेवर काय काय आहे हो? 'आमच्याकडं असंच असतं.' 'आमच्या वडिलांनी त्या घराशी बोलणं टाकलं, म्हणून आम्हीही टाकलं.' 'मुलीनं एवढंच शिकायचं.' लावलं असेल कुणीतरी, मायेनंच लावलं असेल, देवाचं नाव घेऊन लावलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण आज त्याला हात लावला की छातीचा कोट करून उभे राहता, आणि मागं कुणीतरी पोर अंधारात बसून राहते! विचारा स्वतःला — ही श्रद्धा, की भीती? हा फुगा पाण्याचा, की कचऱ्याचा?

पुसायचं असेल तर लाथेनं पुसू नका. ताम्हण आणा. नमस्कार करा. ज्यानं लावलं त्याचं प्रेम उतरवून घ्या, ते झाडाच्या बुडाशी ओता. आणि मग काच अशी धुवा, अशी धुवा, की बोट फिरवलं तर गल्लीत ऐकू गेलं पाहिजे!

उठा. आज आरतीचं ताट मोठ्यांनी धरायचं नाही. तुमच्या घरातलं जे लेकरू सगळ्यात मागं बसलंय, त्याचं नाव घ्या, त्याला पुढं बोलवा, आणि ताट त्याच्या हातात द्या. तोवर मी वाट बघतो. बोला — सियावर रामचंद्र की...