वाल्ड्रन सरांचा जबडा

…नाही, पण तुम्हीच मला सांगा, वजा गुणिले वजा बरोबर अधिक, या एवढ्याशा वाक्यात माणसाचा दात पडावा असं आहे तरी काय? पण पडला. विल्फ्रेदोचा पडला, खालचा, अगदी पुढचा, आणि पाडला कोणी, तर ग्रिम्सने, आणि विल्फ्रेदो म्हणजे कोणी परका नव्हे, ग्रिम्सचा सख्खा मेव्हणा. आणि हे सगळं कशासाठी, तर पोरीच्या बीजगणितासाठी.

तुम्हाला सांगतो, ग्रिम्सला मी ओळखतो ते त्याच्या मुठीपासून. कोलोनच्या, म्हणजे आमच्या या बंदराच्या गावच्या, रिंगणात तो एकोणीस लढती खेळला, आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा कोपऱ्यात बादली आणि स्पंज घेऊन मी उभा. आता तो एकावन्नचा आहे, दिवसा बंदरावर कंटेनर उतरवतो, संध्याकाळी पोरांना ठोसे शिकवतो, आणि माझी खोली बरोबर त्याच्या घरावर. जमीन लाकडी, फळ्यांमध्ये बोटभर फटी. तेव्हा मी मीठमसाला लावून सांगतोय असं समजू नका, खाली जे झालं ते मला ऐकूही आलं आणि दिसलंही.

तर पोरगी मारेलिस. सोळा वर्षांची. बाकी सगळ्यात पास, बीजगणितात सपशेल आडवी. अठरा तारखेला फेरपरीक्षा. त्यात गेली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की नौकानयन शाळेतली जागा गेली. लहानपणापासून ही पोर धक्क्यावर बसून कालव्यात शिरायला थांबलेली जहाजं बघते, आणि कुठलं कुठल्या देशाचं ते निशाण न बघता सांगते. तिला कप्तान व्हायचंय. आणि मधे कोण आडवा आला, तर क्ष.

मग दालिलाने, म्हणजे ग्रिम्सच्या बायकोने, आपल्या भावाला बोलावलं. विल्फ्रेदो कस्टममध्ये कारकून, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. जेवायच्या टेबलावर बसून तो म्हणतो, ‘‘सोपं आहे गं. वजाला वजाने गुणलं की अधिक.’’

ग्रिम्स तिथे पाय पसरून बसलेला. म्हणाला, ‘‘का?’’

‘‘का म्हणजे? नियम आहे.’’

‘‘मी तुला एक ठोसा मारला, त्यावर दुसरा मारला, तर तुला मलम लावल्यासारखं वाटेल का?’’

आता हा प्रश्न काय वाईट होता हो? मला तर अजून पटतो. पण विल्फ्रेदो हसला. आणि हसून म्हणाला, ‘‘जाऊ दे दाजी. तुम्ही नववीतून पळालेला माणूस, तुम्हाला काय कळणार.’’

‘पळालेला’ म्हणाला. तिथेच दात गेला. मग विल्फ्रेदोने पातेल्यावरचं झाकण उचलून ग्रिम्सच्या भुवईवर हाणलं, तीन टाके पडले, ग्रिम्सने खुर्ची उचलली, दालिलाने दोघांवर बादलीभर पाणी ओतलं, आणि दात उडाला होता नारळाच्या भातात. पांढऱ्या भातात पांढरा दात, वीस मिनिटं शोधत होते. आणि मारेलिस वही छातीशी धरून कोपऱ्यात उभी, विचारतेय, ‘‘मग शेवटी अधिक का?’’

पण ‘पळालेला’ या शब्दाचं काय, ते सांगायला हवं. ग्रिम्स पळाला नव्हता. त्या शाळेत वाल्ड्रन नावाचे गणिताचे मास्तर होते, आणि त्यांच्या हातात फळ्यावरचा लाकडी कंपास, हा एवढा, हातभर लांब. नववीत त्यांनी ग्रिम्सला फळ्यासमोर उभं करून त्या कंपासाने असं झोडपलं की डाव्या कानातून रक्त आलं. तो कान अजून बहिरा आहे. त्याच दुपारी पोरगं शाळेच्या फाटकातून निघालं ते थेट आखाड्यात शिरलं. मला तो लढतीआधी म्हणायचा, ‘‘समोर कोणी का असेना, मला वाल्ड्रनच दिसतो.’’ त्यामुळेच बारा लढती जिंकला. आणि सात हरला त्याही त्यामुळेच, कारण समोरचा माणूस वाल्ड्रन नसायचा आणि एका जागी उभा राहायचा नाही.

आता मला सांगा, कोलोनमध्ये बीजगणित शिकवणारा दुसरा माणूस नसावा? दालिला अख्ख्या मोहल्ल्यात फिरली. जो तो म्हणे, ‘‘वाल्ड्रन सर. ऐंशीचे झालेत, पण क्ष त्यांना घाबरतो.’’ आणि तिला तरी काय ठाऊक? नवऱ्याने तिला एवढंच सांगितलेलं की कान रिंगणात गेला. गेली आणि घेऊन आली.

संध्याकाळी ग्रिम्स दारात. आत टेबलाशी वाल्ड्रन, समोर भाताची बशी, हातात पट्टी, आणि तोंडात नववीतलंच वाक्य, ‘‘पायऱ्या कुठे आहेत? उत्तर नको मला, पायऱ्या दाखव.’’ तुम्हाला सांगतो, मी वरून फटीतून बघत होतो, ग्रिम्सची मूठ आपोआप वळली. सदतीस वर्षं ज्याला समोरच्या प्रत्येकात बघत होता तो माणूस त्याच्याच घरात त्याचाच भात खात होता. म्हाताऱ्याने त्याला ओळखलंसुद्धा नाही. म्हणाला, ‘‘बसा ना, उभे का?’’

मारेलिसला मात्र बापाचा चेहरा कळला. ती उठली, त्याला हाताला धरून जिन्यात आणलं, काय ते सगळं काढून घेतलं त्याच्याकडून. आणि मग पोरगी काय म्हणाली असेल?

‘‘पप्पा, मारायचंच असेल तर अठरा तारखेनंतर मारा. मला आज पहिल्यांदा समीकरण सुटलंय.’’

आणि हे सगळं कशासाठी, तर बीजगणितासाठी.

मग नऊ दिवस. रोज चार वाजता म्हातारा येणार, रोज ‘पायऱ्या कुठे’ ओरडणार, आणि ग्रिम्स स्वयंपाकघरात दाराआड बसून दात खाणार. पहिल्या दिवशी त्याने कपाटाचं दार फोडलं. तिसऱ्या दिवशी आखाड्यातली वाळूची पिशवी फोडली, ती मी शिवली. पाचव्या दिवशी बंदरावर एका मुकादमाला उताणा पाडला, कारण त्याने विचारलं, ‘पावती कुठे?’ आणि ग्रिम्सला बहिऱ्या कानाने ऐकू आलं, ‘पायऱ्या कुठे?’ आठवडाभर बिनपगारी घरी बसवलं त्याला. म्हणजे आता चार वाजेपर्यंत वाट बघायला अख्खा दिवस मोकळा.

सोळा तारीख. अवयव पाडायचे होते. मारेलिसने उत्तर लिहिलं, पायरी गाळली. आणि म्हाताऱ्याने पट्टी उचलून तिच्या बोटांच्या पेरांवर फाडकन मारली.

आवाज मला वर ऐकू आला. ग्रिम्स दाराबाहेर आला. पण तो पोहोचायच्या आत पोरीने ती पट्टी सरांच्या हातातून हिसकली, गुडघ्यावर ठेवली, मोडली, आणि दोन्ही तुकडे नीट त्यांच्या बशीशेजारी ठेवले. म्हणाली, ‘‘सर, शिकवा. मारायचं नाही.’’

म्हाताऱ्याने आधी ते तुकडे बघितले. मग दारातल्या ग्रिम्सकडे बघितलं. भुवईवरचे टाके, वळलेली मूठ, आणि जरा वाकडी मान, चांगला कान पुढे केलेली. हळूच म्हणाला, ‘‘ग्रिम्स. तिसरं बाक.’’

‘‘हो.’’

‘‘तीन क्ष वजा पाच बरोबर सोळा. तू लगेच सात म्हणालास. एक पायरी लिहिली नाहीस. मला वाटलं, शेजारच्याचं चोरलंस.’’

‘‘मनात केलं होतं मी.’’

‘‘ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्याची वही तपासली. त्याचं उत्तर अकरा होतं.’’ म्हाताऱ्याने पट्टीचा एक तुकडा उचलून परत ठेवला. ‘‘मी तुझी वाट बघितली. तू आलाच नाहीस.’’

‘‘माझं घर शाळेपासून दोन गल्ल्यांवर होतं, सर.’’

वाल्ड्रनने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ग्रिम्सचा डावा ठोसा आला. एकोणीस लढतींत मी तसला ठोसा बघितला नव्हता. कवळी खिडकीतून रस्त्यावर गेली, म्हातारा खुर्चीसकट मागे, आणि जबडा एका बाजूला. ग्रिम्स तिथेच जमिनीवर बसला आणि रडायला लागला, मोठ्याने, नववीतल्या पोरासारखा. दालिला किंचाळली, मी जिन्यावरून खाली, आणि मारेलिस डोक्याला हात लावून म्हणाली, ‘‘पप्पा, दोन दिवस राहिले होते. फक्त दोन दिवस.’’

दवाखान्यात जबडा तारेने बांधला. पोलीस आला, विचारू लागला. म्हाताऱ्याने कागद मागून लिहिलं, ‘खुर्चीवरून पडलो. बाकी हिशेब आमचा आम्ही मिटवला.’ आणि मी सांगितलं तर खोटं वाटेल, पण सतराच्या सकाळी वाल्ड्रन सर दारात हजर. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी, बोलता येत नाही. दिवसभर लिहून शिकवलं. मारेलिस मला नंतर म्हणाली, ‘‘काका, ओरडणं बंद झाल्यावर किती सोपं असतं हो हे.’’ वजा गुणिले वजा का अधिक, तेसुद्धा त्यांनी एका रेषेवर मागे-पुढे बाण काढून दाखवलं, आणि ग्रिम्स शेजारी बसून सरांना नळीने सूप पाजत होता. बाण बघून म्हणाला, ‘‘असं होय. मग विल्फ्रेदोने असं सांगायला काय हरकत होती?’’

पोरगी पास झाली. पाचपैकी तीन पूर्णांक सहा. जागा पक्की झाली, पांढरा गणवेश शिवून आला, दालिलाने सगळ्या गल्लीला डुकराच्या खुरांचं लोणचं वाटलं. विल्फ्रेदोसुद्धा आला, नव्या दातासह, ग्रिम्सपासून चार हात लांब बसला.

तुम्हाला वाटेल, संपलं. पण तुम्हाला सांगतो, ग्रिम्सची धाकटी पोरगी आता रसायनशास्त्रात नापास झालीय. शिकवणी घेणाऱ्या बाई गल्लीत एकच, आणि त्या बाई सकाळी शाळेत ज्युदो शिकवतात. ग्रिम्स काल संध्याकाळी त्यांना भेटून आला, गुपचूप पाठ शेकत बसला आणि दालिलाला म्हणाला, ‘‘राहू दे. एक विषय गेला तर काय मोठंसं बिघडतं.’’