बिनसीटची गाडी

वाईट माणसाला मी भीत नाही; भल्या माणसापासून देव वाचवो.

खडक चढायच्या स्पर्धेसाठी मी एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल महिनाभर खपून माझ्या अंगाला बसवली होती. चालवायची उभ्यानंच, म्हणून सीट काढून टाकली. मी उंच, म्हणून हँडल चार बोटं वर घेतलं. चाकांत हवा मुद्दाम कमी ठेवली, म्हणजे टायर दगडाला चिकटून चढतं. चढताना पाय टेकला की गुण गेले.

स्पर्धेच्या सकाळी सडक अर्जुनीला गाडी टेम्पोतून उतरवली आणि चहाला गेलो. परत येतो तर शेजारचे पंक्चरवाले काका पंपाची नळी गुंडाळत होते.

"काका, काय केलं?"

"काऊन गा, हवाच नोहोती चाकात! दोन्ही टाइट भरून देलो. पैसे नको देऊ."

तेवढ्यात माइकवर माझं नाव पुकारलं. हवा मोजायचं मीटर घरी होतं. पण महिनाभर रोज दाबलेलं टायर माझ्या अंगठ्याला पाठ होतं. दाबत दाबत हवा सोडली आणि निघालो. पाचही खडक चढलो, एकदाही पाय टेकला नाही.

खाली उतरलो तर काका माझ्या पाठीवर थाप मारत गर्दीला सांगत होते, "हवा म्या भरून देलो म्हनून चढला! पोट्टा तर सीटही घरी विसरून आला होता!"