कलाकाकींची पाचची गाडी

“पोरी, सासूकडं जरा ध्यान दे.”

मंडळी, आजचं आख्यान या एवढ्याशा वाक्यापासून सुरू होतं. वाक्य बोलली गजराक्का. ठिकाण — पिठाची गिरणी. आणि जिला बोलली ती वृषाली शेडगे. वय सत्तावीस, बी.एस्सी. झालेली, बोटाला धरलेली चार वर्षांची जुई, डोक्यात घरची शंभर कामं.

गजराक्का सांगत होती, अगं, तुझी सासू काल दळण घेऊन गेली आणि घटकाभरानं परत आली, माझं दळण झालं का म्हणून! गिरणीवाला म्हणाला, काकी, आत्ताच नेलंत की. तर त्यालाच खोटं पाडलं.

वृषालीनं काय केलं? तुम्हीआम्ही करतो तेच. “लेक गेलाय हो त्यांचा, अक्का. डोकं कसं ठिकाणावर राहील?” असं म्हणाली, डबा उचलला आणि निघाली. चूक का तिची? घरात लहान मूल असलेल्या बाईला विचारा. तिला पोराची शिंक तीन खोल्यांपलीकडून ऐकू येते. पण शेजारी बसलेल्या म्हातारीचा बदललेला सूर ऐकायला कान शिल्लक राहत नाही.

आता मला सांगा — देशासाठी गेलेल्या माणसाची आठवण कुणी ठेवायची? घरानं, गावानं, सगळ्यांनी. बरोबर? बघा, सगळ्या माना डोलल्या. पण ती आठवण ठेवणाऱ्या माणसाला कुणी लक्षात ठेवायचं? — थांबल्या माना. पखवाजवाले दादा, तुमचा हातसुद्धा थांबला. असू द्या. चिलारवाडीच्या लोकांनाही उत्तर येत नव्हतं. त्यांना ते कसं सापडलं, तेवढं ऐका.

ही चिलारवाडी फौजींची. घरटी एक माणूस पलटणीत. या गावात लग्नाचा मुहूर्त भटजी काढत नाहीत, सुट्टी काढते! मुलगी बघायला आलेल्यांना शिक्षण नाही विचारत, विचारतात — रजा किती शिल्लक आहे? म्हातारे निवृत्त झाले तरी चहा सहा म्हणजे सहालाच. सहा वाजून दोन मिनिटांनी दिला तर बायको गुन्हेगार.

आणि चौकात एक दगडी स्तंभ. त्यावर बावीस नावं. या स्तंभापाशी गावाची एक रीत आहे, दुसरीकडे कुठे मी पाहिली नाही. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी सगळं गाव जमतं आणि पिसाळ सुभेदार — वय पंच्याहत्तर, पाठ अजून काठीसारखी ताठ — हजेरी घेतात. गेलेल्यांची हजेरी! हुद्दा, नाव, बापाचं नाव, आडनाव. नाव पुकारलं की त्या घरचं माणूस एक पाऊल पुढे येतं आणि म्हणतं, “हजर.” माणूस नाही, पण घर हजर आहे. बस्स, एवढाच विधी. अंगावर काटा येतो की नाही?

बाविसावं नाव होतं वृषालीच्या नवऱ्याचं. नाईक अजिंक्य बाजीराव शेडगे. उत्तरेकडे उंचावरच्या चौकीवर होता, बर्फाचा कडा कोसळला. जुई तेव्हा सात महिन्यांची. त्याला साडेतीन वर्षं झाली. सासरे बाजीराव तर आधीच गेलेले. घरात उरल्या तिघी — वृषाली, जुई आणि अजिंक्यची आई कलावती. गाव त्यांना कलाकाकी म्हणे, वृषाली आत्या म्हणे. आपल्याकडे सासूला आत्याच म्हणतात ना. आई म्हटलं की माहेर आठवतं आणि सासूबाई म्हटलं की भांडण!

तर या कलाकाकींचं गावात मोठं नाव. का? तर मुलाची आठवण ठेवावी तर यांनी. अजून त्याचा सदरा इस्त्री करून खुंटीला. जेवताना त्याचं ताट मांडलेलं. त्याची खाट उन्हात घालून परत जागेवर. शाळेतल्या बाईंनी मुलांना निबंध लिहायला सांगितला, वीरमातेची माया. बायका म्हणत, बघा, क्षणभर विसरत नाही लेकराला. वृषालीही ऐकायची आणि मनातून जरा खजील व्हायची. कारण तिला कधी कधी अजिंक्यचा आवाजच आठवायचा नाही. लग्नाला अडीच वर्षं, पण नवऱ्याच्या सुट्टीचे दिवस जोडले तर चार महिनेसुद्धा भरत नव्हते. एवढ्यात किती माणूस कळणार?

मग त्या वर्षीचा मार्गशीर्ष आला. चौक भरला. एकविसावं नाव झालं. सुभेदारांनी पुकारलं, “नाईक अजिंक्य बाजीराव शेडगे.”

कलाकाकी एक पाऊल पुढे आल्या. पदर सावरला. आणि म्हणाल्या, “वाटेत आहे.”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा चौक टाळ्यांनी भरून गेला. काय बोलली माउली! मुलगा मेला नाही, वाटेत आहे! सरपंचांनी डोळे पुसले. एकानं ते वाक्य फलकावर रंगवून घ्यायचं ठरवलं. सुभेदारांनी सलाम ठोकला.

टाळी वाजवली नाही ती एकट्या वृषालीनं. का? तर ती सासूचे डोळे बघत होती. कलाकाकी स्तंभाकडे बघत नव्हत्या, माणसांकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर माणसांच्या डोक्यांवरून फाट्याच्या रस्त्याकडे. आणि या टाळ्या कशासाठी चालल्यात, हे त्यांना कळत नव्हतं.

मंडळी, इथे वृषालीच्या मनात भीती नाही शिरली अजून. शिरलं ते कुतूहल. शास्त्र शिकलेली मुलगी! वाटेत — म्हणजे कुठल्या वाटेत? तिनं बघायला सुरुवात केली. सासूचा दिवस ती पहिल्यांदाच पुस्तकासारखा वाचायला लागली. सकाळी सगळं नीट. दुपारी एकदा विचारणार, पत्र आलं का गं? आणि चार वाजले की ठेवणीतलं लुगडं. रोज! देवळात जाते म्हणायच्या. देवळात जायला पायात फाट्यापर्यंत चालायच्या वहाणा कशाला?

आता माग काढायचा, असं तिनं ठरवलं. पण नशीब कुठे थांबतं आपल्या ठरवण्यासाठी? दुसऱ्याच दिवशी वृषाली कपडे वाळत घालून खाली आली, तर घरात सासू नाही आणि जुईही नाही.

देवळात नाहीत. गजराक्काकडे नाहीत. तेव्हा मात्र ती पळाली. फाट्यावर मोठा रस्ता आहे, उसाच्या गाड्या, खडीचे ट्रक, कुणाला ब्रेक लावायची सवय नाही. पळताना तिला काय काय दिसलं असेल, ते मी सांगत नाही. ज्यांची लेकरं लहान आहेत त्यांना न सांगता दिसतंय.

थांब्यावर कलाकाकी बाकावर बसलेल्या, शांत. आणि जुई? डांबराच्या अगदी कडेला उकिडवी बसून खडे वेचतेय. वृषालीनं तिला उचललं तेव्हा ट्रकचा वारा दोघींच्या अंगावरून गेला.

ती सासूवर ओरडणारच होती. तोंड उघडलंही. तेवढ्यात कलाकाकी तिला बघून कौतुकानं हसल्या. “तुला पण कळवलं का त्यानं? मला म्हणाला होता, कुणाला सांगू नको. पाचच्या गाडीनं येतोय. म्हटलं, त्याची लेक घेऊनच जावं समोर.”

आता उलगडलं? ताट, खाट, सदरा. गाव ज्याला आठवण म्हणत होतं, तो विसर होता हो! बाई सगळं लक्षात ठेवून होती, फक्त एकच गोष्ट विसरली होती — मुलगा गेला हीच. आणि ज्या विसराला औषध हवं होतं, त्याच्यावर आपण टाळ्या वाजवल्या.

वृषालीचा श्वास अजून खालीवर होत होता. त्या भरात ती खरं बोलून गेली. “आत्या, ते नाहीयेत आता. साडेतीन वर्षं झाली.”

कलाकाकींनी तिच्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “मग मला कसं कुणी सांगितलं नाही?”

वृषालीनं जुईला कडेवर घट्ट धरलं.

“त्याला पोचवायला कोण गेलं होतं?”

“सगळं गाव होतं आत्या.”

“आणि मी कुठं होते?”

“तुम्ही सगळ्यांच्या पुढं होता.”

मग त्या रडल्या. पहिल्या दिवशी रडल्या होत्या, तशाच. पाचची गाडी आली, थांबली, गेली. वृषालीनं एका हातानं लेक आणि एका हातानं सासू धरून घर गाठलं. तिला वाटलं, संपलं. आता कळलं यांना. आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता कलाकाकींनी ठेवणीतलं लुगडं नेसायला घेतलं.

साताऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, हा आजार आहे. आठवणी जाताना उलट्या पावलांनी जातात. कालच्या आधी जातात, लहानपणच्या शेवटी. वृषालीनं विचारलं, मग मी खरं सांगायचं की नाही? आईवडिलांनी खोटं बोलू नये शिकवलंय. डॉक्टर म्हणाले, “दर वेळी खरं सांगाल, तर दर वेळी त्यांचा मुलगा आजच गेलेला असेल. खोटं नका बोलू. नुसतं विचारा. त्या सांगतील.”

विचारा! केवढा सोपा मंत्र. आपण म्हाताऱ्या माणसांना सांगत असतो — बसा, जेवा, गोळी घ्या, पडाल. विचारतो कधी?

वृषाली विचारू लागली. लुगड्याच्या निऱ्या धरता धरता विचारायची, ते आले की जेवायला काय करू? एक दिवस कलाकाकी म्हणाल्या, काहीही कर, पण शेपू नको. लहानपणापासून त्याला शेपू बघवत नाही, ताटाखाली लपवायचा आणि कुत्र्याला घालायचा.

वृषाली तिथंच बसली. कारण प्रत्येक सुट्टीत तिनं अजिंक्यला शेपूची भाजी केली होती, आणि पठ्ठ्या दोन वेळा मागून घ्यायचा! तिकडे गोळ्यांना भ्याला नाही, पण नव्या बायकोला भाजी आवडत नाही म्हणायची छाती झाली नाही. दादा, हसताय कशाला? तुमच्या घरी काय वेगळं आहे?

त्या दिवशी ती साडेतीन वर्षांत पहिल्यांदा नवऱ्यासाठी हसली. हसता हसता रडलीही, पण आधी हसली. आणि मग तिला हावच सुटली. जे चार महिन्यांत कळलं नव्हतं, ते रोज थोडं थोडं कळायला लागलं. झाडावरून पडून मोडलेला हात. पहिल्या भरतीत छाती अर्ध्या इंचानं कमी भरली म्हणून परत पाठवलेला, आणि घरी येऊन न जेवता झोपलेला. जुई मांडीवर बसून ऐकायची. पण वेळ थोडा होता, हे वृषालीला माहीत होतं. उलट्या पावलांनी चाललेलं माणूस कधीतरी दाराबाहेर पडणारच. त्याच्या आत जेवढं पदरात पडेल तेवढं.

राहिला पाचच्या गाडीचा प्रश्न. कडी लावली तर कलाकाकी कासावीस व्हायच्या. सोडलं तर रस्ता. आणि वृषालीला आता दुपारी शाळेत शिकवायची नोकरी लागलेली. शेवटी ती सुभेदारांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

सुभेदारांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “आम्ही टाळ्या वाजवल्या, सूनबाई.” एवढंच. उठले, चावडीत गेले आणि फळ्यावर खडूनं ड्यूटी लावली! सोमवार, हवालदार अमुक. मंगळवार, शिपाई तमुक. सगळे निवृत्त. चार वाजता कलाकाकींच्या दारात हजर व्हायचं, थांब्यावर सोबत बसायचं, गाडी बघायची आणि काकींना घरी आणायचं. एक लान्सनायक चार मिनिटं उशिरा पोचला तर सुभेदारांनी त्याला भर चौकात झापलं. सत्तरीचा माणूस, पण मान खाली घालून त्यानं ऐकून घेतलं.

आणि गाडी गेली की तो सोबतचा माणूस काय म्हणायचा? खोटं नाही, खरं नाही. म्हणायचा, “काकी, चला. चहा घेऊ.” बहुतेक दिवशी त्या उठायच्या. फौजीची आई ती. गाडी चुकणं, रजा लांबणं, हे तिला नवं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली, म्हणून वृषाली स्वतः गेली थांब्यावर. पाचची गाडी आली. दोन माणसं उतरली. गाडी गेली. वृषालीनं हात पुढे केला. कलाकाकींनी तो बघितला, मग तिचं तोंड बघितलं, आणि अगदी अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीनं विचारलं, “तुमचं कोण यायचं होतं, बाई?”

मंडळी, त्या क्षणी ती पोर मोडून पडली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं पुढे केलेला हात तसाच ठेवला.

“तुम्हालाच न्यायला आलेय, आत्या.”

कलाकाकी थोडा विचार करून म्हणाल्या, “बरं झालं. कुणी तरी आलं.” आणि हात धरून चालू लागल्या.

विठ्ठल विठ्ठल.

आता मला तुमच्याकडून दक्षिणा हवी आहे, आणि ती ताटात टाकायची नाही. आपल्या गावात स्तंभ असेल, तसबिरी असतील. स्मरणदिनी तुम्ही हार घालता, शाल देता, घोषणा देता. द्या, जरूर द्या. पण ज्या घरी तुम्ही शाल दिलीत, त्या घरी त्यानंतर एखाद्या साध्या मंगळवारी गेलात कधी? गेलेल्याला आपली गरज नाही हो. तो पोचला. मागे राहिलेलं माणूस अजून बसलंय.

तुम्ही इथे बसल्या बसल्या तुमच्या डोळ्यांपुढे एक तोंड आलंय, मला ठाऊक आहे. एखादी आई असेल, एखादा बाप, एखादी तरुण बायको, जी बरी आहे असं आपण सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. उद्या सकाळी तिच्या घरी जा. काही कारण काढू नका, उपदेश करू नका, फोटोसमोर हात जोडून लगेच उठू नका. तिच्या समोर बसा. विचारा, काल काय जेवलात? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ती काय सांगते तेही ऐका, आणि सांगताना कुठे बघते, तेही बघा.