चौदा पेलथॉर्प

सुनेत्रा : टाचण्या काढू नकोस गं इरा. टाचण्या काढल्या की नकाशात नुसती भोकं उरतील.

इरावती : आई, टाचण्या ठेवून नकाशा रोल कसा करणार? मी आत्ता दोनदा बोट टोचून घेतला.

सुनेत्रा : मग रोल करू नकोस, आडवाच दे. व्हॅन घेऊन येतोय ना तो फॅमिली हिस्टरी सोसायटीवाला? किती वाजता येतोय?

इरावती : तीनला. मॅप, फाइल्स आणि हा पेटी.

सुनेत्रा : ही पेटी.

इरावती : ही पेटी. कार्डांचा पेटी सगळ्यात इम्पॉर्टंट आहे म्हणाला. त्याच्याबरोबर एक फॉर्म भरून पाहिजे. बाकी मी भरला. लास्ट प्रश्न राहिला. आज जगात जिवंत पेलथॉर्प आडनावाचे लोक किती? मी तेरा लिहितो.

सुनेत्रा : तेरा कसे?

इरावती : न्यू इयरला डॅड चौदा म्हणाला. मार्चमध्ये डॅड गेला. सो तेरा.

सुनेत्रा : तरी कार्डं मोजून लिही. लेनर्डने मोजल्याशिवाय कधी आकडा सांगितला नाही.

इरावती : मला ग्लासवर चमच्याचा आवाज अजून ऐकू येतो. टिंग टिंग टिंग. सगळे लोक प्लेट घेऊन थांबलेले, तुझी कोथिंबीरवाली सांबारवडी थंड होते, आणि डॅड उभा राहून म्हणतो, "लेडीज अँड जेंटलमन, यावर्षी आपण एकोणीस." जसा काय इलेक्शनचा रिझल्ट. माझ्या फ्रेंड्सना वाटायचा डॅड वेडा आहे.

सुनेत्रा : वेडा होताच. महाराष्ट्र मंडळाची पोरं सुट्टीत पॅरिसच्या डिस्नेलँडला जायची, आणि तुला घेऊन आम्ही लिंकनशरमधल्या दफनभूमीत.

इरावती : पाच गावं, पाच चर्चयार्ड. मी पाथवर बसून चीज सँडविच खायचा, आणि डॅड नेलब्रशने दगड घासायचा.

सुनेत्रा : तुला निदान सँडविच मिळालं. मला हनीमूनलाच नेलं होतं त्याने तिकडे. मी नागपूरहून नवी शाल मागवली होती. म्हटलं, समुद्रकिनारी जाणार असू. गाडी थांबली तर समोर बीटचं शेत, बीट काढून झालेलं, आणि मधे एक जरासा उंचवटा. नुसता चिखल. हा माणूस म्हणतो, "हे पेलथॉर्प." मी म्हटलं, कुठे आहे? तर म्हणे, आता नाहीये, सहाशे वर्षांपूर्वी इथे दहा-बारा घरं होती. थॉर्प म्हणजे त्यांच्या जुन्या बोलीत वाडी. मी म्हटलं, अरे, म्हणजे तू पेलवाडीकर! तर चिखलात उभ्या उभ्या त्याने ते वहीत लिहून घेतलं. आणि मला म्हणतो, "तुमच्याकडे वाडीतल्या वाडीत कोणाला वाडीकर म्हणतात का?" म्हटलं, नाही, वाडी सोडून गेलेल्यालाच म्हणतात. इतका खूश झाला तो. म्हणे, तेच तर, नाव त्यालाच मिळतं जो निघून जातो.

इरावती : पण ते लांब नाही गेले. मॅप बघ ना. अठराशे एक्याऐंशीच्या सेन्ससमध्ये सत्तर पिवळ्या टाचण्या, सगळ्या एकाच कॉर्नरला.

सुनेत्रा : त्र्याहत्तर. एका दिवसात सायकलवरून सगळ्यांकडे चहा पिऊन येता आलं असतं, असं म्हणायचा. मग शेतावर यंत्रं आली, हाताला काम उरलं नाही. काही जण ग्रिम्सबीला मासळीच्या धक्क्यावर गेले, एक घर ग्लासगोला, एक कॅनडात. दोन महायुद्धांत तरुण पोरं गेली. काहींना नुसत्या मुलीच झाल्या, त्या लग्न करून दुसऱ्या नावाच्या झाल्या. आमचं लग्न झालं तेव्हा एकतीस उरले होते. दर वर्षी कमी होत जाणारा आकडा हा माणूस उभा राहून सांगायचा, आणि आवाज असा की जसं बारसंच आहे.

इरावती : आता मी मोजू? हा "लिव्हिंग" सेक्शन आहे. मी, एक. एडिथ आंट, लिंकनमध्ये, दोन. तिला एक्क्याण्णव झाला ना? ग्रिम्सबी तीन लोक. पाच. ग्लासगोचा अ‍ॅलन, त्याचा मुलगा आणि मॉयरा. आठ. कॅनडा पाच. तेरा. बघ, बरोबर.

सुनेत्रा : मॉयरा?

इरावती : अ‍ॅलनचा बायको. फ्युनरलला आली होती, ग्रीन कोट.

सुनेत्रा : मॉयरा कोण ते मला माहीत आहे. ती तर लग्न करून आलेली. तिचं कार्ड त्यात कसं?

इरावती : आहे ना. "मॉयरा पेलथॉर्प, लग्नाने." कॅनडामध्ये सुझन पण. "लग्नाने." नाव लावतात ते सगळे काउंट होतात, इथे पहिल्या कार्डवर रूल लिहिलाय. बॉर्न ऑर मॅरिड.

सुनेत्रा : नीट वाच.

इरावती : नीटच वाचला. आई, काय झाला?

सुनेत्रा : काही नाही.

इरावती : तू खुर्चीवर बस.

सुनेत्रा : बसते. हे बघ, इतकी वर्षं मी धरून चालले होते की तो फक्त रक्ताची माणसं मोजतो. हिशेबी माणूस, भूगोलाचा मास्तर, त्याचे नियम असणार. दर एक जानेवारीला मी वड्यांचं ताट धरून उभी राहायचे आणि मनात आकडा लावायचे. तू झालीस त्या वर्षी एकाने वाढला. तेव्हा म्हटलं, ठीक आहे, पोर धरली ना. पण मॉयरा? ती त्याला आयुष्यात दोनदा भेटली असेल. तिला मोजलं, आणि अडतीस वर्षं ज्या बाईने हे नाव दारावर लावलं, तिला नाही?

इरावती : तू कधी विचारला नाहीस?

सुनेत्रा : काय विचारू? बाबा रे, मला मोज, म्हणून? असं मागून घ्यायचं असतं का ते? समोरच्याला कळायला हवं. अगं, हॉस्पिटलात पेशंट दारावर "डॉक्टर पेलथॉर्प" वाचून आत यायचे आणि मला बघून, सॉरी, चुकीच्या खोलीत आलो, म्हणून परत जायचे. मी त्यांना हाक मारून आणायचे. वऱ्हाडपांडे नाव असतं तर एकही परत गेला नसता. हे नाव मी भोगलंय, इरा. मला वाईट वाटतंय. आता तो नाही तर भांडू तरी कोणाशी?

इरावती : थांब. तुझा कार्ड असणारच. डॅडने पोस्टमनचा पण कार्ड केला होता.

सुनेत्रा : राहू दे आता.

इरावती : लिव्हिंग झाला. मग "कॅनडा, ओल्ड". मग "डाउटफुल". मग सगळ्यात मागे एक डिव्हायडर आहे. त्याच्यावर "टू आस्क" लिहिलंय. विचारायचे आहेत असे लोक. मागे एकच कार्ड आहे.

सुनेत्रा : कोणाचं?

इरावती : तुझा. खूप मळला आहे. दोन्ही साइडला भरून लिहिलाय, बारीक बारीक. वाचू?

सुनेत्रा : चष्मा आहे माझ्याकडे, पण तूच वाच.

इरावती : वर तुझा पूर्ण नाव. वऱ्हाडपांडे त्याने मराठीमध्ये लिहायचा ट्राय केला आहे, तीनदा खोडलाय. खाली डेट. एक जानेवारी एकोणीसशे सत्त्याऐंशी. "सु.ला विचारलं, तुला धरू का, मग आपण बत्तीस. सु. म्हणाली, मला मोजू नकोस. वडिलांचं पत्र आलं आहे. ती दुःखात नसेल तेव्हा परत विचारणे."

सुनेत्रा : मी असं म्हटलं?

इरावती : असा लिहिलंय.

सुनेत्रा : मी असं म्हटलं...



इरावती : आई? कुठला पत्र?

सुनेत्रा : नागपूरहून आलेलं, तुझ्या आजोबांचं. आम्ही सप्टेंबरात रजिस्टर लग्न केलं, तिकडून कोणी आलं नाही. ख्रिसमसच्या आठवड्यात पत्र आलं. चार ओळी होत्या. शेवटची, "वऱ्हाडपांड्यांच्या गणतीत आता तू नाहीस." घरात पाहुणे, मी स्वयंपाकघरात वड्या तळत होते, पत्र ब्लाउजमध्ये खुपसलेलं. आणि हा आला नाचत, हातात कोरं कार्ड. आता आठवतंय. मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, एकदा मोजून खोडलंय मला, पुन्हा मोजून घ्यायची हौस नाही. पुढे तुझे आजोबा निवळले, तुझ्या बारशाला आले, सगळं झालं. मी बोललेलं विसरून गेले. आणि रुसून बसले ते त्याच्यावर.

इरावती : डॅड विसरला नाही. दरवर्षीचा लाइन आहे. अठ्ठ्याऐंशी, "विचारलं नाही." एकोणनव्वद, "विचारलं नाही." एक्क्याण्णव, "इरावती मोजली. सु. आनंदाने रडली. आज नको." चौऱ्याण्णव, "जवळजवळ विचारलंच होतं. शेजारी आले."

सुनेत्रा : शेजारी आले म्हणे.

इरावती : दोन हजार तीन, "सु.चे वडील गेले. या वर्षी नाही." दोन हजार अकरा, "एम वन हायवेवर गाडी चालवताना विचारलं. नीट, पूर्ण वाक्यात. बाजूला पाहिलं तर सु. झोपली होती."

सुनेत्रा : हसू नकोस.

इरावती : तू पण हसतेस.

सुनेत्रा : मी रडतेय. पुढे वाच.

इरावती : दोन हजार एकोणीस, "कदाचित ती स्वतःहून म्हणेल." वीसपासून दरवर्षी नुसता डॅश. मग लास्ट लाइन. हा जानेवारी. इंक वेगळा आहे. "चौदा. ती हो म्हणाली तर पंधरा."

सुनेत्रा : त्या दिवशी त्याला उभं राहवत नव्हतं. बसूनच चमचा वाजवला. आकडा सांगितला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, पाणी हवंय. मी पाणी आणून दिलं. प्यायला आणि थँक यू म्हणाला.

इरावती : ओ, आई.

सुनेत्रा : तोंड होतं ना गं त्याला? साऱ्या कॅनडाला फोन करून तुमचे आजोबा कोण म्हणून विचारायचा. फोन बुकातल्या अनोळखी लोकांना जेवणाच्या वेळी उठवायचा. आणि घरातल्या बायकोला एक प्रश्न विचारायला अडतीस वर्षं पुरली नाहीत.

इरावती : आणि तू?

सुनेत्रा : मी काय? मलाही तोंड होतंच की. तो इंग्रज, लाजत बसला. मी वऱ्हाडपांड्यांची, ताठ बसले. दोघंही एकाच टेबलाशी.

इरावती : तीनला दहा मिनिट आहे. मी फॉर्मवर तेरा लिहिला. पेन्सिलने.

सुनेत्रा : बरं केलंस, पेन्सिलने लिहिलंस ते.

इरावती : हा कार्ड आपण घरी ठेवू? पर्सनल आहे.

सुनेत्रा : पेटीतलं कार्ड आहे, पेटीतच जाईल. त्याची एक टाचणीसुद्धा इकडची तिकडे व्हायची नाही. फक्त त्या "विचारायचे"च्या मागे नको.

इरावती : पण डॅडचा रूल आहे. ज्याला विचारला नाही त्याचा कार्ड हलवायचा नाही.

सुनेत्रा : आता कोण विचारणार? वरातीमागून घोडं.

इरावती : मी विचारतो. मी पण पेलथॉर्प आहे ना, मला परमिशन आहे. आई, उठू नको, बस. डॉक्टर सुनेत्रा वऱ्हाडपांडे, लेनर्ड पेलथॉर्पने विचारलंय. तुला मोजू का?

सुनेत्रा : गाडी वाजली का काही? दार लागलं बाहेर.

इरावती : आई. उत्तर दे. नाही तर परत शेजारी येतील.

सुनेत्रा : हो. मोज म्हणावं.

इरावती : मग फॉर्मवर?

सुनेत्रा : ते तेरा खोड, आणि पेनाने चौदा लिही. त्याने सगळ्यांसमोर सांगितलेला आकडा आहे, आपण कशाला बदलायचा.