रेघेच्या पुढची तारीख

सुगत : ताई, फ्लेक्सवर जन्मसाल टाकलं, मधी आडवी रेघ टाकली. पण रेघेच्या पुढं मोकळं ठेवलं तर माणूस जिता हाय असा अर्थ होतो. वर पुण्यस्मरण, खाली जिता माणूस. लोक मलाच हसतेत.

शिवकांता : हसू दे, सुगतभाऊ. माझ्यासाठी माझा नवरा जिताच हाय. हा फ्लेक्स भावजींच्या डोक्यातला हाय, माझ्या न्हाई.

संगमेश्वर : वैनी, साल झालं. मलप्पादादा असता तर एक फोन तरी आला असता. निलंगा हुडकलं, उदगीर हुडकलं, खामखा किती दिवस आस लावायची? सुगत, तारीख टाक तू.

सुगत : मग घरून निघाले ती टाकतो, आप्पा. पत्ता न लागलेल्या माणसाची तीच टाकतेत. सतरा ऑगस्ट दोन हजार चोवीस. महिना आकड्यात टाकू का अक्षरात?

संगमेश्वर : अक्षरात. पण सतरा न्हाई, एकोणीस.

शिवकांता : सतराला गेले, भावजी. शनवार होता. म्या भाकरी बांधून दिली.

संगमेश्वर : गेला सतराला. पण तारीख एकोणीस पायजे. श्रावणातला सोमवार होता.

शिवकांता : काय होतं सोमवारी?

संगमेश्वर : तसं न्हाई, वैनी. चुकीच्या दिवशी पूजा घातली तर जिवाला सुटका न्हाई. रोज रातच्याला दादा माझ्या उशाशी येऊन बसून राहिलाय. बोलत न्हाई, नुसता बघतो. एकदा बरोबर तारखेला पूजा झाली की थांबंल.

शिवकांता : पोलिसांत तर तुमी सांगितलं, सतराला येष्टी स्टँडवर शेवटचं बघितलं म्हणून. पुन्हा गाठच न्हाई म्हणून.

(आत मशीन दुसऱ्या कुणाच्या तरी लग्नाचा फ्लेक्स छापत असते.)

सुगत : ताई, मी काय टाकू?

शिवकांता : एकोणीस टाक. सख्ख्या भावापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

संगमेश्वर : राहू दे, सुगत. वैनीचं ऐकू. मोकळीच सोड जागा.

शिवकांता : आता मोकळी न्हाई सोडायची. वर्षभर म्याच मोकळी ठेवली, दिवा लावून वाट बघितली. मोठ्या अक्षरात टाक, भाऊ. अन् खाली लिही, तारीख सांगणार, धाकटा भाऊ संगमेश्वर.

सुगत : लावायचा कुठं, ताई?

शिवकांता : पोलीस ठाण्यासमोर.

संगमेश्वर : वैनी, उठा. गाडीत बसा. घरी जाऊन बोलू.

शिवकांता : ते बी तुमच्याच गाडीत बसले असतील, भावजी. सुगतभाऊ, तू छाप. होस्तोवर म्या हितंच बसते.